मे महिन्यातले ८८ आणि ऑगस्टमधले ७१: नवा कूलर खरंच किती थंड करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी कोअर आय५-१२४०० चा डेस्कटॉप आहे आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीचं कास्टिंग सिम्युलेशन (साच्यात धातू कसा भरतो आणि गोठतो याचा संगणकी हिशेब) त्यावर तासन्‌तास चालतं. मे महिन्यात दुपारी, बॉक्सबरोबर आलेल्या कूलरवर, प्रोसेसर ८८ अंशांवर जायचा. जुलैत चार हीटपाइपांचा (उष्णता वर पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा) उंच टॉवर कूलर बसवला. आता ऑगस्टमध्ये रात्री तेच काम ७१ वर चालतं. दुकानदार म्हणतो, सतरा अंश उतरले, अजून काय पाहिजे? मित्र म्हणतो, एवढ्या मोठ्या कूलरवर साठच्या आत यायला हवं, बसवताना काहीतरी चुकलंय. खरं कोणाचं, आणि घरच्या घरी नीट तपासायचं कसं?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत गेली बावीस वर्षं मशिनं जोडतो आणि दुरुस्त करतो. त्यातली बरीचशी फाउंड्र्यांच्या आणि पॅटर्नवाल्यांच्या (साच्याचे नमुने बनवणाऱ्यांच्या) डिझाइन ऑफिसांतली असतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा दुकानदार आणि तुमचा मित्र दोघंही अशा आकड्यावर भांडतायत जो कूलरचा नाहीच. ८८ आणि ७१ हे प्रोसेसरचे आकडे आहेत. त्यात कोल्हापूरची हवा मिसळलेली आहे, प्रोसेसर त्या वेळी किती वीज खात होता ते मिसळलेलं आहे, पंख्याचा वेग आणि कॅबिनेटही मिसळलंय. कूलरचं माप त्यातून वेगळं काढावं लागतं.

आधी हवा. पंख्याचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, तो फक्त उष्णता त्या हवेत सोडतो. हवा दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास दहानेच वर जातो. मे महिन्यात दुपारी स्लॅबखालच्या खोलीत ३५ अंश सहज असतात आणि ऑगस्टच्या पावसाळी रात्री तीच खोली २५ वर येते. म्हणजे तुमच्या सतरा अंशांतले दहा पावसाने दिले. कूलरच्या वाट्याला उरले सात. एवढ्यावर थांबलो असतो तर मित्राचं खरं म्हणावं लागलं असतं.

पण थांबायचं नाही, कारण दुसरी गोष्ट उलट्या दिशेने ओढते. तुमच्या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॉट आणि टर्बोची, म्हणजे जोर लावून चालतानाची, ११७ वॉट. बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) कूलरचा प्रकार निवडायला लागतो: बॉक्सचा, टॉवर, की पाण्याचा. बॉक्सचा निवडला तर बोर्ड प्रोसेसरला काही वेळाने ६५ वॉटवर आणून बांधतो. टॉवर निवडला की ते दावं सुटतं. तुम्ही कूलर बदलल्यावर तो पर्याय बदलला असणार, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर ऑगस्टमध्ये प्रोसेसर मेपेक्षा बराच जास्त तापत होता आणि तरीही ७१ वर होता.

आता हिशेब मांडू. समजा मे महिन्यात ६५ वॉट होते: ८८ वजा ३५ म्हणजे हवेपेक्षा ५३ अंश वर. ५३ भागिले ६५, साधारण ०.८२ अंश प्रतिवॉट. समजा आता ९२ वॉट आहेत: ७१ वजा २५ म्हणजे ४६. ४६ भागिले ९२, बरोबर ०.५. हा खरा फरक. जुन्या कूलरवर प्रत्येक वॉटमागे ०.८२ अंश चढत होते, नव्यावर अर्धा अंश. उद्याच्या मे महिन्यात, ३५ अंशांच्या खोलीत, ६५ वॉटवर हाच कूलर ८८ ऐवजी साधारण ६७-६८ दाखवेल. आणि ९२ वॉटच चालू ठेवलेत तर ८१. मित्राला साठच्या आत पाहिजे होतं, पण किती वॉटवर आणि कोणत्या ऋतूत, हे त्याने सांगितलंच नाही.

यातले ६५ आणि ९२ मी मानलेले आहेत, तुम्ही वॉट लिहिलेले नाहीत. म्हणून आता मोजायचं कसं ते सांगतो. तुम्हाला दोन्ही कूलर मोजावे लागतील. जुना टाकून दिला नसेल अशी आशा आहे.

हवेचं तापमान मोजण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून तिथे वेळ घाला. एसीच्या रिमोटवरचा आकडा किंवा मोबाइलवरचं हवामान उपयोगाचं नाही. वायरीच्या टोकाला प्रोब असलेले दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, किंवा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा प्रोब) लागणारा मल्टिमीटर असेल तर उत्तम. फाउंड्रीत थर्मोकपल परका नाही, पण वितळलेल्या लोखंडासाठीचा आणू नका, साधा के-टाइप आणा. एक प्रोब कॅबिनेटच्या बाहेर, समोरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर टांगा. दुसरा कॅबिनेटच्या आत, कूलरच्या पंख्याच्या तोंडाशी, दोन-तीन सेंटिमीटर पुढे. कुठल्याही धातूला टेकू देऊ नका. बाहेरचा आकडा खोलीचा. आतला आकडा म्हणजे कूलरला प्रत्यक्षात मिळणारी हवा. या दोहोंमधला फरक हा कॅबिनेटचा दोष, आणि तो कूलरच्या माथी मारायचा नसतो.

प्रोब खरे बोलतात का ते आधी बघा. फ्रीजमधला बर्फ बारीक कुटून ग्लासात भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा. तिथे शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात तपासायचं असेल तर लक्षात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी शंभरला नाही, ९८ च्या जवळपास उकळतं. प्रोब ९८ दाखवतोय म्हणून तो खराब ठरवून फेकलेला मी पाहिला आहे. दोन्ही प्रोब एकाच ग्लासात एकमेकांपेक्षा अर्ध्या अंशाने वेगळे असतील तर तो फरक वहीत लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी वजा करा.

याच उंचीमुळे आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडची हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ असते. पंखा तेवढीच हवा ढकलतो, पण तिचं वजन कमी, म्हणून ती उष्णता थोडी कमी नेते. समुद्रकाठच्या शहरात केलेल्या चाचणीपेक्षा तुमच्याकडे एखाद-दीड अंश जास्त आला तर घाबरू नका.

चाचणी रात्री करा, खिडक्या बंद आणि छताचा पंखा बंद ठेवून. छताच्या पंख्याचा झोत उघड्या कॅबिनेटवर आला की आकडे हलतात आणि कशामुळे हलले ते कळत नाही. बंद खोलीत मशीनच शंभर-दीडशे वॉटचा हीटर असतो, अर्ध्या तासात खोली दीड-दोन अंशांनी चढते. म्हणून हवेचं तापमान एकदा सुरुवातीला लिहून चालत नाही. दर पाच मिनिटांनी लिहा आणि वजाबाकी त्या-त्या वेळच्या आकड्याची करा.

आता वॉट बांधायचे. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ नावाच्या वॉटच्या दोन मर्यादा असतात. दोन्ही ६५ करा. मग प्राइम९५ या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्मॉल एफएफटी नावाची चाचणी लावा. हे काम इतकं जड आहे की तुमचा प्रोसेसर मोकळा सोडला तर ६५ च्या बराच वर जाईल. मर्यादा बांधलेली असल्यामुळे तो ६५ ला टेकून तिथेच राहतो, आणि आपल्याला तेच हवं आहे: न हलणारी उष्णता. सिनेबेंच हा दुसरा चाचणी-प्रोग्रॅम वापरायला हरकत नाही, पण एक फेरी संपून दुसरी सुरू होताना क्षणभर भार सुटतो आणि आलेखाला दात पडतात. तुमचं सिम्युलेशन चाचणीला घेऊ नका, त्याचा भार टप्प्याटप्प्याने बदलतो. नंतर दुसरी चाचणी म्हणून ते अवश्य चालवा, कारण शेवटी मशीन त्याच्यासाठीच आहे.

वाचन एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर घ्या आणि नोंद फाइलमध्ये साठवा. तिथे ‘कमाल’ नावाचा रकाना असतो आणि लोक तोच आकडा सांगत फिरतात. तो एका क्षणाचा उसळलेला आकडा असतो. तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या: तापमानाची, पॅकेज पॉवरची (प्रोसेसर खातो त्या वॉटची), घड्याळाच्या वेगाची, पंख्याच्या फेऱ्यांची. चारही लिहा. नुसतं तापमान लिहिलं आणि वॉट नाही लिहिले तर ती नोंद वाया गेली समजा. आणि रिकाम्या मशीनचं तापमान कशालाच लावू नका. प्रोसेसरमधले सेन्सर कमाल मर्यादेजवळ नेमके असतात, खालच्या टोकाला ते ढिले पडतात. दोन कोअरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या, हिशेब करणाऱ्या भागांत) रिकामं असताना चार-पाच अंशांचा फरक दिसला तर त्याचा कूलरशी संबंध नसतो.

किती वेळ चालवायचं? इथे तुमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. साच्यात जाड भागाशी चिल (धातू लवकर गोठवणारा लोखंडी तुकडा) ठेवता, तेव्हा तो उष्णता ओढतो ते स्वतःच्या वजनावर, थोडा वेळ. तापला की त्याचं काम संपलं. हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा भाग, तोही पहिली काही मिनिटं चिलसारखाच वागतो. सहाशे ग्रॅमचा ॲल्युमिनियम-तांब्याचा कूलर एक अंश तापायला साधारण पाचशे जूल लागतात, आणि ६५ वॉट म्हणजे दर सेकंदाला ६५ जूल. तेव्हा सुरुवातीला तो नुसता उष्णता पोटात घेत असतो. मोठा, वजनदार कूलर पहिल्या मिनिटात फार छान दिसतो, आणि दुकानात काउंटरवर दाखवतात ते हेच पहिलं मिनिट. कूलरच्या धातूच्या पातळ पात्यांमधून हवेत उष्णता किती वेगाने जाते ते त्यानंतर कळतं. कूलर स्वतः दहाएक मिनिटांत स्थिर होतो, पण कॅबिनेटमधली हवा, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड हे सगळं मुरायला अर्धा तास लागतो. म्हणून तीस मिनिटं चालवा. शेवटच्या पाच मिनिटांत तापमान अर्ध्या अंशापेक्षा जास्त चढत असेल तर अजून दहा मिनिटं द्या.

पंख्याचा वेग स्वयंचलित ठेवलात तर सगळं मुसळ केरात. तापमान चढलं की पंखा जोरात, पंखा जोरात की तापमान उतरलं, आणि तुम्ही बोर्डाने आखलेला आलेख मोजत बसता. बायोसमधून वेग बांधा. टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, दोन कूलरांचे ५० टक्के सारखे नसतात. प्रत्यक्ष आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, वाचा. तीन वेगांवर मोजा: पूर्ण, हजाराच्या आसपास, आणि सातशेच्या आसपास. मला या तीन आकड्यांत फार रस असतो. पूर्ण वेगावरचा कूलर बहुतेकदा बरा असतोच. हजारावर तो किती घसरतो त्यावरून पात्या कशा आहेत, किती दाट आहेत, हीटपाइपांवर घट्ट बसल्यात की नुसत्या ओवल्यात, हे उमगतं. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण पंधरा डेसिबलने वाढतो, थंडावा मात्र कधीच दुप्पट होत नाही. हजारावरून अठराशेला नेऊन फक्त तीन अंश मिळत असतील, तर रात्री शेजारच्या खोलीत आईवडील झोपलेले असताना ते तीन अंश मिळवायची गरज नाही.

जुन्या-नव्याची तुलना करताना हेच पथ्य पाळा. बॉक्सच्या कूलरचा छोटा पंखा पूर्ण वेगावर किरकिरतो, टॉवरचा मोठा पंखा तेवढ्याच थंडाव्याला हळू फिरतो. दोन्ही सारख्या आवाजावर आणून मोजलेत तर फरक आणखी ठळक होतो. आवाजासाठी मोबाइलवरचं ॲप चालेल. त्याचा आकडा खरा नसतो, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून, रात्री घेतलेले दोन आकडे एकमेकांशी ताडता येतात.

आता बसवण्याबद्दल, कारण मित्राची शंका तिथे होती आणि ती रास्त आहे. एकच कूलर, एकच पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधली फट भरणारा लेप), एकच माणूस, तरी काढून पुन्हा बसवला की दोन-तीन अंश इकडेतिकडे होतात. म्हणून मी प्रत्येक कूलर तीनदा बसवतो. दरवेळी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, नवी लावतो, अर्धा तास चालवतो. तिन्हींत तीन अंशांची फाटाफूट असेल, तर दुसऱ्या कूलरपेक्षा हा दोन अंशांनी चांगला असं म्हणायचा मला अधिकार नाही. कंटाळवाणं काम आहे, एका कूलरला एक संध्याकाळ जाते. पण या तीन बसवण्यांशिवाय दिलेला निकाल मी माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देत नाही.

काढलेल्या कूलरचा तळ नीट बघा, तो खूप सांगतो. पेस्ट सगळीकडे कागदासारखी पातळ पसरलेली हवी. मध्ये जाड आणि दोन टोकांना पातळ असेल तर प्रोसेसरचं झाकण किंचित वाकलंय. तुमच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर), एलजीए १७०० वर, हे होतं, कारण पकडीचा दाब मध्यावरच येतो. एका बाजूला जाड असेल तर स्क्रू तिरपे आवळले गेलेत. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे आवळा, फ्लँजचे बोल्ट आवळतात तसे. आणखी एक तपासा. या सॉकेटभोवतीची कूलरच्या स्क्रूंची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, आधीच्या पिढीची ७५ वर होती. जुन्या स्टॉकमधल्या कूलरला जुनीच पट्टी ओढूनताणून बसवली असेल तर दाब पुरत नाही. ०.५ ऐवजी ०.७ येत असेल तर मी पहिल्यांदा इथे बघेन. तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली होती ना, हेही बघा. अनुभवी हातांकडून ती राहिलेली आहे.

एएमडीचा रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण हे उत्तर तेही वाचतील. एएम४ सॉकेटवर थंड कूलर सरळ वर ओढू नका, पेस्ट धरून ठेवते आणि प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं तापवा, बंद करा, कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. दुसरं, रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरमध्ये कोअरची चिप जेमतेम ७४ चौरस मिलिमीटरची आणि झाकणाखाली एका बाजूला असते. एवढ्याशा जागेतून उष्णता झाकणापर्यंत येतानाच बरेच अंश खर्च होतात, ते कुठलाही कूलर वाचवू शकत नाही. म्हणून तुमचा प्रतिवॉट आकडा इंटेलवाल्याच्या आकड्याशी ताडू नका. आणि ७००० मालिकेतले नावाच्या शेवटी एक्स असलेले प्रोसेसर पूर्ण भारावर मुद्दाम ९५ पर्यंत चढतात, तशीच त्यांची आखणी आहे. तिथे कूलर चांगला असेल तर तापमान उतरत नाही, वॉट आणि घड्याळाचा वेग चढतो. तेच मोजा, नाहीतर आधी वॉट बांधा.

कॅबिनेटची चाचणी सोपी आहे पण सोडू नका. सगळं तसंच ठेवून एकदा बाजूचं झाकण लावून आणि एकदा काढून चालवा. झाकण काढल्यावर दोन-तीन अंश उतरले तर ठीक. सात-आठ उतरले तर कूलर निर्दोष आहे, मशीनला श्वास मिळत नाही. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीच्या डिझाइन ऑफिसात मी ही चाचणी न करता कूलर कमी पडतो असं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर नवा घेतला आणि तापमान होतं तिथेच राहिलं. समोरची जाळी काढली तर तिच्यावर मोल्डिंगच्या वाळूची बारीक पूड आणि दमटपणा मिळून पापुद्रा झाला होता, हवा जायला जागाच नव्हती. जाळी धुतली, जुना कूलर परत बसवला, तोही पुरला. नव्याचे पैसे मी परत दिले, पण त्यांची दोन आठवड्यांची रखडलेली कामं मला परत देता आली नाहीत. तेव्हापासून पंख्याच्या तोंडाशी दुसरा प्रोब ठेवल्याशिवाय मी कूलरबद्दल एक शब्द बोलत नाही.

आपल्या भागात ही पूड एकटीच नसते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या जवळ राहत असाल तर बगॅसची (जळालेल्या उसाच्या चिपाडाची) काजळी अंगणात पडते तशी पात्यांतही जाते. म्हणून आज मोजलेला आकडा कायमचा नाही. तो वहीत तारखेसह लिहा: खोली, पंख्याचं तोंड, प्रोसेसर, वॉट, आरपीएम, आणि भागाकार दोन्ही प्रकारे. एक प्रोसेसर वजा खोली, दुसरा प्रोसेसर वजा पंख्याचं तोंड.

मे महिन्यात याच ६५ वॉटवर, त्याच आरपीएमवर पुन्हा अर्धा तास चालवा. हवेचे दहा अंश वजाबाकीत निघून जातील. दोन्ही भागाकार जवळपास आजच्याएवढेच आले तर काहीही उघडू नका. खोलीवरून काढलेला वाढला आणि पंख्याच्या तोंडावरून काढलेला तसाच राहिला तर समोरची जाळी धुवा. दोन्ही वाढले तर आधी ब्लोअरने पात्या साफ करा, पुन्हा मोजा, आणि तरीही उतरला नाही तरच कूलर काढून पेस्ट बदला.